इंग्लंडचे जुने पब आणि त्यांच्या पाट्या: फोटो काढणाऱ्यांसाठी धागा

डर्बीकर

नमस्कार मंडळी.

किल्ले, मंदिरं, वाडे यांच्या प्रकाशचित्रांचे धागे इथे भरपूर आहेत. माझा छंद जरा वेगळ्या वाटेचा आहे. मी इंग्लंडच्या मध्यभागात राहते आणि सुट्टीच्या सकाळी जुन्या पबचे, त्यांच्या दारावर टांगलेल्या चित्रांच्या पाट्यांचे फोटो काढते. मी दारू पीत नाही, तरी या इमारतींचं मला वेड लागलं आहे. इंग्लंडात राहणारे बरेच जण इथे वाचतात, फिरायला येणारेही आहेत, म्हणून जे कळलं ते एका जागी लिहून ठेवते. तुमचे फोटो आणि माहितीही येऊ द्या.

आधी पाट्या. १३९३ साली दुसऱ्या रिचर्ड राजाच्या राजवटीत हुकूम निघाला, की लंडनमध्ये जो कोणी विकण्यासाठी एल (एक प्रकारची बीअर) बनवेल त्याने दाराबाहेर खूण टांगलीच पाहिजे, नाहीतर माल जप्त. एलचा दर्जा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला घर ओळखता यावं हा त्यामागचा हेतू. वाचता येणारे थोडे, त्यामुळे खूण म्हणजे चित्रच. रिचर्डचं स्वतःचं चिन्ह होतं गळ्यात मुकुट आणि साखळी घातलेलं पांढरं हरिण. अनेकांनी तेच दारावर लावलं. व्हाइट हार्ट नावाचे पब आजही गावोगाव दिसतात. रॉयल ओकची पाटी दिसली, तर झाडाच्या पानांत एखादा चेहरा किंवा मुकुट आहे का बघा. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत हरलेला दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलला ओकच्या झाडावर लपून बसला होता. १६६० मध्ये तो राजा म्हणून परतला आणि ते झाड पाट्यांवर आलं.

माझी सगळ्यात आवडती पाटी मार्क्विस ऑफ ग्रॅन्बीची. हा अठराव्या शतकातला सेनापती, जॉन मॅनर्स. १७६० मध्ये जर्मनीतल्या वॉरबुर्गच्या लढाईत घोडदळ घेऊन निघाला, धावणीत टोपी आणि केसांचा टोप दोन्ही उडाले, आणि तसाच उघड्या टकलाने शत्रूवर तुटून पडला. लढायांत जायबंदी झालेल्या आपल्या हवालदारांना पब काढायला तो पैसे देत असे, असं सांगतात. त्याच्या नावाचे एवढे पब आहेत ते त्यामुळे. स्वतः १७७० मध्ये वारला तेव्हा त्याच्यावर भलंमोठं कर्ज होतं. ग्रॅन्बीची पाटी भेटली की रंगाऱ्याने टक्कल दाखवलंय की टोप चढवलाय, ते मी आधी बघते. टक्कल दाखवणाऱ्याला इतिहास माहीत असतो.

आता हा धागा काढण्याचं खरं कारण. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे साठ हजार पब होते. आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. जे चालू आहेत त्यांच्या पाट्याही बदलत चालल्या आहेत. पूर्वी बहुतेक पब बीअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मालकीचे असत आणि मोठ्या कंपन्यांकडे पाट्या रंगवणारे पगारी चित्रकार असत. १९८९ मध्ये सरकारने त्यांच्या ताब्यातल्या पबच्या संख्येवर बंधन आणलं. हजारो पब विकले गेले आणि बीअर न बनवणाऱ्या, नुसत्या पबांची मालकी सांभाळणाऱ्या कंपन्यांकडे गेले. मालक बदलला की पाटी बदलते, आणि नवी पाटी बहुधा संगणकावर छापलेल्या विनाइलची असते. हाताने रंगवलेली ओळखायची असेल तर ऊन तिरपं असताना बघा. ब्रशचे फटकारे उठून दिसतात.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की नुसती देखणी पाटी टिपून पुढे जाऊ नका. पाटी, तिचा लोखंडी दांडा, पूर्ण दर्शनी भाग, खिडक्यांच्या नक्षीदार काचा, पायरीवरच्या फरशा, सगळं घ्या आणि तारीख लिहा. याचा उपयोग काय, हे लंडनच्या मेडा वेलमधल्या कार्लटन टॅव्हर्नने दाखवून दिलं. १९२०-२१ साली बांधलेला हा पब एप्रिल २०१५ मध्ये मालकाने परवानगीशिवाय पाडला. त्याला वारसा इमारतीचा दर्जा देण्याची चौकशी चालू असतानाच. लोक गप्प बसले नाहीत. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने आदेश दिला: होता तसा, विटेला वीट लावून पुन्हा बांधा. आधीच्या चौकशीत केलेल्या नोंदी आणि फोटो हाताशी होते, म्हणून 'होता तसा' म्हणजे कसा हे दाखवता आलं. २०२१ मध्ये तो पब पुन्हा उघडला.

डडलीजवळच्या हिमलीचा क्रुकेड हाउस पब तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. १७६५ मधलं शेतघर, खालच्या कोळशाच्या खाणींमुळे एका बाजूने खचलेलं. आत टेबलावर गोटी ठेवली तर ती चढावर जाते आहे असं वाटे. ५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री आग लागली आणि ७ तारखेला उरलेल्या भिंतीही पाडल्या. पुढच्या वर्षी कौन्सिलने तोही पुन्हा बांधण्याची नोटीस काढली. अशा वेळी पर्यटकांनी सहज काढलेला फोटोसुद्धा पुरावा ठरू शकतो.

कॅमेऱ्याबद्दल प्रतिसादांत बोलू.

कवडसा

सुरेख धागा. वाचनखूण साठवली. फोटोची बाजू मी थोडी लिहितो, मीही रेडिंगच्या आसपास हाच उद्योग करतो.

पाटी वर टांगलेली असते. खाली उभं राहून कॅमेरा वर केला की चौकट वर निमुळती होते आणि चित्र लंगडं दिसतं. रस्त्याच्या पलीकडे जा आणि ७० ते २०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावा. जितके लांब जाल तितका कोन सरळ होतो. मोबाइल असेल तर वाइड लेन्स बंद करून दोन-तीन पटीची वापरा.

आकाश हा दुसरा शत्रू. इथलं ढगाळ आकाश पांढरंफटक, त्यापुढे पाटी काळी पडते. एकतर एक्स्पोजर एक पायरी वाढवा, किंवा जागा बदलून पाटीमागे आकाशाऐवजी विटांची भिंत आणा. मी दुसरा उपाय पसंत करतो. ढगाळ दिवस मात्र टाळू नका, चकाकत्या वॉर्निशवर त्या दिवशी झळाळी येत नाही. ऊन असेल तर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर. आणि वारा! पाटी हलते, शटर सेकंदाच्या १/२५० पेक्षा हळू नेऊ नका.

डर्बीकर

कवडसा, नेमकं लिहिलंत. त्यात दोन गोष्टींची भर घालते. पाटीच्या दोन्ही बाजू बघा, कधीकधी दोन्हीकडे वेगळी चित्रं असतात. आणि ऋतू. उन्हाळ्यात पबवाले फुलांच्या टोपल्या लटकवतात. इमारत फार सुंदर दिसते, पण निम्मी अक्षरं झाकली जातात. दर्शनी भागाची नोंद करायची असेल तर फेब्रुवारी-मार्च उत्तम, झाडांना पानं नसतात. रविवारी सकाळी लवकर गेलं तर दारासमोर गाड्याही नसतात. उत्तरेकडे तोंड असलेल्या पबवर वर्षातला बराच काळ ऊन पडतच नाही, तिथे संध्याकाळी दिवे लागल्यावर, आकाशात थोडा निळा उजेड शिल्लक असताना जावं.

मोगरा

ताई, खूप छान माहिती. मी लेस्टरला नुकतीच आले आहे. एक बाळबोध प्रश्न. न पिणाऱ्या बाईने, तेही लहान मुलाला घेऊन, पबात जाऊन फोटो काढणं बरं दिसतं का? आत जायलाच संकोच वाटतो.

डर्बीकर

मोगरा, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. सुरुवातीला मलाही दारातून आत पाऊल टाकायला जड जायचं.

बिनधास्त जा. कॉफी, लाइम सोडा, जेवण, काहीही मागवता येतं आणि कोणी वळून बघत नाही. मुलांना मोठ्यांसोबत बहुतेक पब संध्याकाळपर्यंत येऊ देतात, पण प्रत्येकाचा नियम वेगळा, म्हणून दारात विचारावं. रस्त्यावरून बाहेरचे फोटो काढायला कोणाची परवानगी लागत नाही. आत मात्र ती खाजगी जागा आहे. मी आधी काहीतरी विकत घेते, मग काउंटरवर विचारते, "तुमच्या काचा आणि फरशा फार सुंदर आहेत, फोटो काढू का?" इतक्या आपुलकीने विचारल्यावर बहुतेक ठिकाणी होच म्हणतात, आणि पुष्कळदा मागच्या खोलीतलं काहीतरी आपणहून दाखवतात. उघडल्या उघडल्या, अकरा-बाराच्या सुमाराला जा. गर्दी नसते, फ्लॅश लागत नाही, आणि बसलेल्या माणसांचे चेहरे चौकटीत येत नाहीत. ते येऊ देऊच नयेत. माणसं तिथे निवांत बसायला आलेली असतात.

नक्षीच्या काचांचा फोटो आतून, बाहेरचा उजेड मागे ठेवून काढा. बाहेरून काढला तर त्यात रस्त्याचं प्रतिबिंबच दिसेल.

लेस्टरहून नॉटिंगहॅम जवळ आहे. तिथे ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम बघा. किल्ल्याखालच्या वालुकाश्मात कोरलेल्या गुहांना लागून तो उभा आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत ११८९ लिहिलंय. आजची इमारत त्यापेक्षा पुष्कळ नंतरची आहे, आणि त्याच शहरातले बेल आणि सॅल्युटेशन हे दोन पबही आपण सर्वांत जुने असल्याचं सांगतात. त्या दोघांचं लाकूडकाम पंधराव्या शतकातलं निघालं आहे. फोटोत ११८९ जरूर घ्या, पण खाली माहिती लिहिताना ते वर्ष पबचा दावा म्हणूनच लिहा.

खडकपूर्णा

माझा पबशी संबंध नाही, पण एक गोष्ट विचारायची आहे. मागे बर्मिंगहॅमला भावाकडे आलो होतो तेव्हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन नावाचे पब जागोजागी दिसले. हा तोच ना, आर्थर वेलस्ली? मी जालन्याचा. २३ सप्टेंबर १८०३ ला आमच्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढला तो?

डर्बीकर

तोच. पाट्यांवर तो बहुतेक वॉटर्लूच्या वेळचा असतो, लाल किंवा निळ्या कोटात, वय चाळिशी-पन्नाशीचं. असईच्या वेळी तो चौतिशीचा होता. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातली ती लढाई त्याला फार महागात पडली. त्याची दीड हजारांहून अधिक माणसं मेली वा जखमी झाली. उतारवयात त्याला तुमची सर्वांत सरस लढाई कोणती असं विचारल्यावर त्याने असईचं नाव घेतल्याचं सांगतात. मराठी माणूस म्हणून या पाटीखाली उभं राहिलं की मला असईच्या पाणवठ्यावर पडलेली दोन्हीकडची माणसं आठवतात.

आणि पबच्या इतिहासात त्याचं नाव आणखी एका कारणाने येतं. १८३० चा बीअरहाउस कायदा वेलिंग्टन पंतप्रधान असताना झाला. कोणत्याही करदात्या घरमालकाला दोन गिनी भरून स्वतःच्या घरात बीअर विकायची मुभा मिळाली. काही वर्षांत हजारो नवे बीअरहाउस उभे राहिले. गल्लीच्या कोपऱ्यावरचे, दोन खोल्यांचे, साधे पब तुम्हाला दिसतात त्यांतले पुष्कळ त्या कायद्यामुळे जन्मले.

टेम्सकाठ

मराठी संबंधच निघालाय तर हेही. पूर्व लंडनमध्ये बो रोडवर बॉम्बे ग्रॅब नावाचा पब होता. ग्रॅब म्हणजे गुराब, आंग्र्यांच्या आरमारात असायची ती लढाऊ जहाजाची जात. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमारानेही तीच जातकुळी उचलली. हॉजसन नावाचा बीअरवाला, ज्याची बीअर जहाजांतून हिंदुस्थानात जायची, त्याचा कारखाना तिथे जवळच होता. पब कधीच बंद पडला, इमारतीत आता मशीद आहे. मुंबईशी जोडलेली ती पाटी मी पाहिलेली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. धागाकर्तीचा मुद्दा मला त्यामुळे मनापासून पटतो.

लंडनला येणाऱ्यांसाठी: सदर्कचा जॉर्ज, १६७६ च्या आगीनंतर बांधलेला, लाकडी सज्जे असलेला लंडनमधला शेवटचा घोडागाडी थांब्याचा पब, आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचा. चौक अरुंद आहे, थोडी वाइड लेन्स न्या. ब्लॅकफ्रायर्स स्थानकासमोरचा ब्लॅक फ्रायर पाचरीच्या आकाराचा आहे, १९०५ पासून आत संगमरवर आणि भिक्षूंच्या तांब्याच्या उठावचित्रांनी सजवला. १९६० च्या दशकात तो पाडायला निघाले होते, कवी जॉन बेट्जमन यांनी आवाज उठवला म्हणून वाचला. होबर्नच्या प्रिन्सेस लुईसमध्ये १८९१ चं काचकाम आणि फरशा आहेत, पण तो ज्या कंपनीचा आहे तिच्या पबांत २०१९ पासून मोबाइल वापरायला मनाई आहे, विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. ब्लूम्सबरीतल्या लॅम्बमध्ये काउंटरवर फिरत्या छोट्या काचेच्या झडपा आहेत, श्रीमंत गिऱ्हाइकाला नोकराने ओळखू नये म्हणून बसवलेल्या. अंधार फार, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवावाच लागतो.

जुन्या पाट्या कशा होत्या हे बघायचं तर व्हिटब्रेड कंपनीची छोटी कार्डं शोधा. १९४९ पासून त्यांनी आपल्या पबांच्या पाट्यांची ही कार्डं काढली, सुरुवातीची पत्र्यावर. जुन्या बाजारात मिळतात. कार्डावरची पाटी आणि आजची पाटी शेजारी ठेवून फोटो काढायला फार मजा येते.

सह्यवारा

माझे दोन प्रश्न. हे फोटो कॅलेंडर करून विकले तर चालतं का? आणि काही पाट्या आजच्या नजरेला बोचतात, त्यांचं काय करायचं?

डर्बीकर

पहिल्याचं उत्तर नीट वाचा, कारण बरेच जण इथे गृहीत धरून चालतात. ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६२ आहे. सार्वजनिक जागी कायम असलेल्या इमारती, शिल्पं आणि कारागिरीच्या वस्तूंचे फोटो काढायला आणि विकायला ते मुभा देतं. रंगवलेलं सपाट चित्र मात्र त्यात बसत नाही, आणि पबची पाटी म्हणजे चित्रच. पूर्ण इमारत टिपताना पाटी ओघाने आली तर प्रश्न नसतो. पण फक्त पाटी भरून काढलेला फोटो विकायचा असेल आणि चित्र अलीकडचं असेल, तर चित्राचा कॉपीराइट ज्याच्याकडे असेल त्याची, बहुधा चित्रकाराची, लेखी परवानगी घ्यावी. त्या चित्रकारांना आधीच कामं कमी मिळतात, त्यांचा हक्क आपण राखला पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. फोटो काढायचाच, आणि माहिती पूर्ण लिहायची. माझ्या घरापासून जवळच्या अ‍ॅशबर्नमध्ये रस्त्यावरून आडवी कमान टाकून टांगलेली पाटी आहे. अशा कमानी इंग्लंडात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. यॉर्कच्या स्टोनगेटमध्ये ओल्ड स्टार इनची आहे, हर्टफर्डशरच्या बार्लीमध्ये कोल्हा-कुत्रे-शिकाऱ्यांची आहे. अ‍ॅशबर्नच्या कमानीवर मधोमध एका काळ्या माणसाचं लाकडी डोकं होतं, विद्रूप केलेलं. जून २०२० मध्ये ते काढलं. काढलं हे योग्यच झालं असं मी मानते. ते होतं हे मात्र फोटोत राहिलंच पाहिजे. तसाच अर्ल स्टर्नडेल गावचा क्वाएट वुमन, म्हणजे 'गप्प बाई', हा पब. पाटीवर डोकं नसलेली बाई. 'बाई गप्प बसली ती अशी' हा त्याचा अर्थ. गावातले लोक ती पाटी वर्षानुवर्षं प्रेमाने सांगत आले आहेत. मला तिच्यासमोर उभं राहायला त्रास होतो, तरी फोटो घेतला.

माई_वुल्व्हरहॅम्प्टन

आमच्या भागातल्या पबांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ब्लॅक कंट्रीतल्या, म्हणजे आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या, ओतशाळांमध्ये पन्नास-साठच्या दशकात आलेल्या पंजाबी, कॅरेबियन कामगारांना कित्येक पबांत आतल्या खोलीत बसू देत नसत. स्मेथविकमध्ये तर हे इतकं उघड होतं, की १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे माल्कम एक्स स्वतः तिथे येऊन गेले. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल आणि त्यांचे सहकारी अशा पबांत जाऊन बसायचे, नकार मिळाला की त्याची नोंद करायचे. त्याच वर्षी सार्वजनिक जागी वर्णभेदाला बंदी घालणारा कायदा झाला.

त्याच कामगारांपैकी काहींनी पुढे पब विकत घेतले. आज त्यांना देसी पब म्हणतात. वेस्ट ब्रॉमिचच्या रेड लायनमध्ये रंगीत काचेची खिडकी आहे, तिच्यात इथे आलेल्या आशियाई लोकांची गोष्ट आहे. बाहेर नाव जुनं इंग्रजी, आत मिक्स ग्रिल आणि कबड्डीच्या संघांचे फोटो. माझे यजमान निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं दर शुक्रवारी अशा एका पबात जेवायला जातो. फोटो काढणाऱ्यांनी नुसत्या व्हिक्टोरियन फरशांमागे न लागता इकडेही यावं.

डर्बीकर

माई, हा प्रतिसाद फार मोलाचा आहे. तुम्हाला जमेल तेव्हा ती खिडकी सकाळ आणि दुपार अशा दोन्ही वेळच्या उजेडात टिपाल का? आणि मालकांची तयारी असेल तर त्यांच्याकडचे जुने फोटोही पुन्हा कॅमेऱ्यात घ्या. ते बहुधा कुठल्याच संग्रहात नसतील.

मोगरा

ताई, मी काल धीर करून गेले. ट्रिप टू जेरुसलेमला नाही, घराजवळच्याच एका पबात. लेकाने लिंबू सरबत प्यायलं, पबवाल्या बाईंनी आपणहून मागचं अंगण दाखवलं. दरवाजाच्या काचेवर लाल त्रिकोण कोरलाय, तो काय?

डर्बीकर

शाब्बास! तो बर्टन अपॉन ट्रेंटच्या बास या बीअर कंपनीचा त्रिकोण. १८७६ मध्ये ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या क्रमांकावर नोंदलेलं चिन्ह. त्या पबात आज बास मिळत नसेल तरी काच सांगते की कधीकाळी मिळायची. तिचा जवळून एक आणि पूर्ण दाराचा एक फोटो घ्या.

फोटो ठेवायचे कुठे, हे दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं. मी जिओग्राफ या संकेतस्थळावर टाकते. २००५ पासून चालू आहे, ब्रिटनच्या नकाशावरच्या प्रत्येक चौरस किलोमीटरचे फोटो तिथे लोक जमा करतात. मुक्त परवान्यावर असल्याने उद्या कोणाला इमारत वाचवण्यासाठी पुरावा हवा असेल तर तो सापडतो. सोबत पबचं नाव, रस्ता, गाव, तारीख, पाटीवर कंपनीचं नाव असल्यास ते, आणि पब चालू आहे की बंद, एवढं लिहा. पाटीच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असेल तर तीही लिहाच, पुढे शोध घेणाऱ्याला ती सगळ्यात उपयोगी पडते.

कवडसा

आमच्या रस्त्यावरच्या रेलवे टॅव्हर्नच्या खिडक्यांवर आज फळ्या ठोकलेल्या पाहिल्या. पाटी अजून आहे, वाफेचं इंजिन हाताने रंगवलेलं. उद्या सकाळी जाऊन चारही बाजूंनी घेतो आणि रात्री इथे टाकतो.